बिनमुंडक्याचा बास

माझ्या बायकोचे मामा कुठल्याही माणसाबद्दलचं आपलं मत एका प्रश्नावर ठरवत, आणि एकदा ठरलेलं मत बदलायला साक्षात ब्रह्मदेव उतरला असता तर मामांनी त्यालाही आधी तोच प्रश्न विचारला असता. माणूस काय शिकला, कुणाच्या घरातला, देव मानतो की नाही, दारू पितो की नाही, यातलं काहीही मामांना जाणून घ्यायचं नसे. त्यांना फक्त त्याचं एका बासबद्दलचं मत हवं असे. सगळ्या बासबद्दलचं नव्हे. एका कंपनीच्या एका बासबद्दलचं. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण ते नाव मामांच्याच तोंडून ऐकावं. नाव घेताना ते उजवा हात नकळत कानाच्या पाळीला लावत, जसे गवई गुरूचं नाव घेताना लावतात.

माझी त्यांची पहिली भेट झाली तीच मुळी गैरसमजाने. बँकेने माझी बदली सुरतला केली होती आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मुलीच्या मामांकडे, उधन्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ठरला होता. मी पोह्यांची दुसरी बशी कशीबशी संपवत होतो. मामी तिसऱ्यांदा पातेलं घेऊन आल्या आणि त्याच क्षणी समोर बसलेल्या मामांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "बास?" मी बशीवर दोन्ही हात आडवे धरले आणि कळवळून म्हणालो, "बास, बास! त्याच्यापुढे काही नाही." मामा ताडकन उठले, मला मिठी मारली आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "मुलगा पास!" मी हबकलोच. लग्न ठरल्यावर कितीतरी दिवसांनी बायकोने मला समजावलं की मामा ऑर्केस्ट्रात बास वाजवतात आणि त्या दिवशी ते मला पोह्यांबद्दल विचारत नव्हते.

बास म्हणजे गिटारचा थोरला भाऊ. चार जाड तारा, खर्जातला आवाज. असतो तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, आणि नसला की गाणं एका पायाने लंगडतं. मामा दिवसा पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये रंगखात्याचे सुपरवायझर, आणि लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात बासवाले. तरुणपणी त्यांनी पाहिलं की कॅसेटच्या कव्हरवर, टीव्हीवर, मुंबईच्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत जो तो एकच बास गळ्यात अडकवून उभा आहे. काळाकुळकुळीत, बुटाच्या खोक्याएवढं धड, आणि सगळ्यांत मोठं नवल म्हणजे त्याला डोकंच नाही. जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे दांडी सुरीने कापल्यासारखी सपाट. तारा पिळायच्या त्या खालून. लाकडाचं नाव नाही. कसल्याशा विलायती मसाल्याचं ओतीव अंग. त्या काळी ज्याच्याकडे हा बास तो शहाणा आणि बाकीचे जुनाट, अशी साधी वाटणी होती. मामा एका सकाळी नव्या कोऱ्या मोटरसायकलवर बसून मुंबईला गेले आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने परत आले. मामींनी दारातच अहिराणीत विचारलं, "गाडी कोठे शे?" मामांनी पाठीवरची पिशवी काढून पुढे धरली आणि म्हणाले, "ही काय!" मामी ही हकिगत आजही सांगतात, आणि सांगताना आजही त्यांचा आवाज पहिल्या दिवसासारखाच चिरकतो. "मी म्हनं, यासनं डोकं फिरेल शे. आनि पिशवीमाईन काढं काय, तर ज्याले डोकंच नही!"

पुढे सगळी वर्षं मामा मिलमध्ये शटल, म्हणजे शेअर रिक्षाने गेले, पण बासला कधी डिकीत किंवा टपावर टाकलं नाही. रिक्षात तो त्यांच्या मांडीवर बसे आणि खड्डा आला की मामा आधी त्याला सावरत, मग स्वतःला. डॉक्टर रक्तदाबाचा पट्टा आवळत असताना ते डॉक्टरांना विचारत, "बिनमुंडक्याच्या बासबद्दल आपलं मत काय?" आणि डॉक्टर गोंधळले की मामांचा रक्तदाब वाढे. एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नवरीच्या आजीने स्टेजकडे पाहून कपाळावर हात मारला, "अरे, आ तो तूटी गयेलुं छे!" मोडकं वाद्य शुभकार्यात नको म्हणून घरची मंडळी अडून बसली. कुणीतरी सुचवलं, दांडीच्या टोकाला नारळ बांधा, म्हणजे डोकं आल्यासारखं दिसेल. मामांनी त्या माणसाकडे अशा नजरेने पाहिलं की तो नारळासकट जेवणाच्या मांडवात निघून गेला. मग मामाच पडद्याच्या मागे गेले आणि सगळा कार्यक्रम त्यांनी तिथून, कुणालाही न दिसता वाजवला. बासला डोकं लावण्यापेक्षा स्वतः नाहीसं होणं त्यांना सोपं वाटलं.

मग फॅशन गेली. एकेकाने तो काळा बास विकला किंवा पलंगाखाली ढकलला आणि पुन्हा डोकंवाले लाकडी बास गळ्यात आले. मामा या लोकांना 'फितूर' म्हणत. सुरतेत तेव्हाही बासवाले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच, आणि त्यांच्यात या विषयावरून जेवढी भांडणं झाली तेवढी एखाद्या संस्थानाच्या वारसांत झाली नसतील. रांदेरचे एक वयस्क चाचा म्हणत की हा आवाज ऐकून त्यांना स्वयंपाकघरात फ्रिज चालू राहिल्याचा भास होतो. कतारगामला हिरे घासणारा एक बासवाला म्हणे, "सूर कधी उतरत नाही, कबूल. पण दगडाचाही उतरत नाही." ही मतं मामांच्या पाठीमागची. त्यांच्या तोंडावर मात्र दोघेही म्हणत, "उस्ताद, चीज आहे!" कारण मामांइतका मायाळू माणूस त्या धंद्यात दुसरा नव्हता. कुणाचा कार्यक्रम अडला तर मामा धावत, कुणाच्या घरी दुखणं असलं तर मामींनी केलेला डबा घेऊन मामा दारात उभे राहत. अशा माणसाला खरं सांगायची हिंमत कुणाची होणार?

आणि मग मामांच्या मुलीने, ऋतुजाने, घरात सांगितलं की तिला धवल नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा गुजराती. मामा नाहीच म्हणणार या धास्तीने मामींनी रडून घर डोक्यावर घेतलं आणि मामांची समजूत घालायला मला बोलावून घेतलं. मी वाटेत सगळं भाषण तयार केलं: जातपात, दोन राज्यं, दोन भाषा, बदलता काळ. मामा गॅलरीत कुंडीतली तुळस खुरपत होते. मी घसा साफ केला.

"मामा, मुलगा गुजराती आहे."

"बरं."

"म्हणजे त्यांच्यात मांसाहार वगैरे..."

"आपण तरी रोज कुठे खातो?" मामा खुरपत राहिले. "करतो काय?"

"साड्यांची डिझाइनं काढतो, कंप्युटरवर. आणि नवरात्रात गरब्याच्या पार्टीत बास वाजवतो."

खुरपं कुंडीत पडलं. मामा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी त्यांच्या रिटायरमेंटच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. "बास वाजवतो? अगं ए, ऐकलंस का?" ते आत धावले. "अरे, तुम्ही लोक आधी हे का सांगत नाही? गुजराती, गुजराती काय लावलंय!" मी माझं न केलेलं भाषण गिळून तिथेच उभा राहिलो. मामींचं रडणं थांबलं, पण ते आनंदाने नव्हे; त्यांचाही माझ्यासारखाच वासलेला आ मिटत नव्हता.

रविवारी धवल आला. सरळ, किडकिडीत मुलगा. वाकून नमस्कार केला, मराठी बऱ्यापैकी बोलत होता. मामांनी त्याच्या नोकरीचं, घरच्यांचं काहीही विचारलं नाही. त्यांनी आतून बास आणला आणि एखाद्याच्या मांडीवर तान्हं मूल द्यावं तसा त्याच्या मांडीवर दिला. पोराने वाजवला. हात सुरेख होता, एवढं मलाही कळलं. मामा डोळे मिटून डोलत होते. वाजवणं थांबलं आणि मामांनी हळूच, जवळजवळ लाजत विचारलं, "मग? कसा वाटला?"

ऋतुजा माझ्या बायकोचा हात धरून उभी होती. तिने बहुतेक त्याला आधी बजावलं असावं, कारण ती डोळ्यांनी सारखं काहीतरी खुणावत होती. धवलने बासकडे पाहिलं, मग मामांकडे.

"काका, साचुं कहूं?"

"खरंच सांग."

"सूर एकदम पक्का आहे. मेहनतीने बनवलाय. पण आवाजात ऊब नाही, काका. दवाखान्यात गेल्यासारखं वाटतं. सगळं स्वच्छ, पण कुणी आपलं नाही. त्या वेळी फॅशन होती ना, म्हणून चालला."

मामांनी उठून बास हातात घेतला, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसला, पिशवीत घातला, चेन लावली. मग मामींना म्हणाले, "पाहुण्यांचा चहा झाला असेल तर त्यांना ऊन व्हायच्या आत निघू दे." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आम्हाला आधी वाटलं, दोन दिवस रुसतील. पण मामा खरोखरच अडून बसले. ज्या बापाला जात चालली, भाषा चालली, त्याला एका बासचं मत चालेना, हे आम्ही नातेवाइकांना सांगणार तरी कसं? धुळ्याहून माझ्या सासूबाईंचा फोन आला, "मुलगा गुजराती आहे म्हणून दादा नाही म्हणतोय ना?" बायकोने सरळ "हो" म्हणून टाकलं. ते निदान पटण्यासारखं कारण होतं. इकडे ऋतुजाने सांगितलं, "लग्न करीन तर बाबांच्या होकाराने. पळून जाणार नाही, आणि दुसऱ्याशीही करणार नाही." बापलेक एकाच घरात राहून एकमेकांशी बोलेनासे झाले. मामी दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढू लागल्या. ती पोरगी वाळत चालली होती, आणि मामा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी मी धवलला गाठलं. लोचो या वाफवलेल्या सुरती नाश्त्याच्या एका गाडीपाशी आम्ही उभे राहिलो. मी म्हणालो, "अरे, एक वाक्य. 'काका, माझी चूक झाली, बास उत्तम आहे.' संपलं!"

त्याने हातातली प्लेट खाली ठेवली. "जिजाजी, मी कधीपण बोलून टाकेन. पण मग काका जन्मभर माझ्याशी बासबद्दल बोलतील, आणि मी जन्मभर खोटं बोलायचं? त्यांना बासबद्दलच तर बोलायचं असतं. खोटुं नी बोलाय, जिजाजी. त्यांच्याशी तर नाहीच."

मी त्याचं म्हणणं मामांच्या कानावर घातलं, तर मामा भडकले आणि त्यांची घरची अहिराणी बाहेर आली. "मी काय येडा शे का? तो एकटा शहाणा? आख्ख्या सुरतना बासवालासले बोलावतो. त्यासनामोरे त्याले इचारतो!"

आणि खरंच, पुढच्या रविवारी सकाळी मामांच्या हॉलमध्ये पंचायत भरली. रांदेरचे चाचा आले, कतारगामचा हिरेवाला आला, धवल आपला लाकडी बास घेऊन आला. मामींनी खमण मांडलं. मामांनी प्रश्न टाकला आणि छाती पुढे काढून बसले. हिरेवाल्याने खमणाचा मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको. चाचांनी धवलकडे पाहिलं, दारात उभ्या ऋतुजाकडे पाहिलं आणि एक लांब श्वास घेतला.

"भाई, इतने साल झूठ बोला," ते म्हणाले. "मुझे ये कभी पसंद नहीं आया. आप पसंद थे."

हिरेवाल्याने मान खाली घातली. त्याचंही उत्तर तेच होतं. मला वाटलं, मामा आता कोसळतील. पण ते ताठ उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "तुमची मतं गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "मत माणूस कुणाकडूनही उसनं घेतो. कान उसना घेता येत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. दोन्ही बास वाजवा, न बघता माझा ओळखून दाखवतो. तुम्हीच म्हणाल, आवाज कशाला म्हणतात."

खुर्ची फिरवली. मामा भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसले. धवलने आधी आपला लाकडी बास वाजवला. नवरात्रातली एक साधी चाल, सावकाश. मग वायर काढून मामांच्या काळ्या बासला लावली आणि तीच चाल त्यावर वाजवली. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण फरक मलाही कळला. पहिला आवाज गोल आणि जड होता, दुसरा सरळ आणि टणक.

मामा क्षणभरही थांबले नाहीत. भिंतीकडेच पाहत म्हणाले, "पहिला! पहिला माझा. ऐकलंत? काय ऊब आहे! म्हणे दवाखाना!"

चाचांचा कप बशीवर आपटला. ज्या बासपायी माणसाने मोटरसायकल दिली, मित्रांना फितूर ठरवलं, पोटच्या पोरीचं लग्न अडवलं, तो बास त्याला ओळखता आला नव्हता. हिरेवाला काही बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात धवलने हात वर करून त्याला थांबवलं. त्याने मांडीवरचा काळा बास अलगद दिवाणावर ठेवला, आपला लाकडी बास उचलून मांडीवर घेतला, आणि म्हणाला:

"हा, काका. पहिला तुमचाच होता. दुसरा माझा. तुम्ही बरोबर बोलले."

ऋतुजाने तोंडावर पदर दाबला. जो मुलगा बायको मिळवण्यासाठी एक वाक्य खोटं बोलला नव्हता, तो आता पापणी न हलवता खोटं बोलत होता, आणि आम्ही सगळे त्या खोट्याला धरून गप्प बसलो होतो.

मामा वळले. विजयाने वळले. त्यांनी धवलच्या मांडीवरच्या लाकडी बासकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली गेली आणि स्पीकरच्या डब्यातून निघालेल्या वायरवरून पुढे सरकत दिवाणावर पोचली. वायर अजून काळ्या बासमध्येच होती. धवलला ती काढता आली नव्हती. काढली असती तर स्पीकरने 'ठप्प' आवाज केला असता. ते काळं धड वायरीसकट दिवाणावर पडलं होतं, आणि मामा त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मी बरोबर ओळखलं," ते शेवटी म्हणाले.

"एकदम, काका."

मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मामींकडे वळून म्हणाले, "साखर आण. नुसतं खमण काय देतेस? लग्न ठरलंय आपल्याकडे."

नंतर जो गोंधळ उडाला त्यात मामी रडल्या, चाचा रडले, हिरेवाल्याने सगळं खमण संपवलं. मी निघालो तेव्हा मामा मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वाटेत एका बंद शटरपाशी थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, वायर माझ्याच बासला होती."

मी मान हलवली.

"कान कधीचेच गेलेत," ते म्हणाले. "वरचे सूर येतात. तुम्ही बोलता ते येतं. खालचं सगळं गेलं. मिलच्या मशिनी, स्टेजवरचे स्पीकर, काय काय असेल. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही."

"आणि गरब्यात वाजवता ते?"

"ढोलवाल्याच्या हाताकडे बघतो. बोटांना पाठ आहे." ते थोडं हसले. "आज ऊब ऐकू आली असं वाटलं, तीसुद्धा मी आठवणीतलीच ऐकली असणार."

एवढी वर्षं आमच्या डोळ्यांदेखत, मैदानभर लोकांना नाचवत, हा माणूस न ऐकता वाजवत होता, आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. त्यांनीच माझा खांदा थोपटला. "पोरगा चांगला आहे हो," ते म्हणाले. "मत चुकीचं आहे त्याचं. पण पोरगा चांगला आहे."

लग्न झालं. धवलचं मत बदललं नाही आणि मामांचंही नाही. दर रविवारी सासरा-जावई हॉलमध्ये त्याच बासवरून इतक्या जोरात भांडतात की खालच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी एकदा काळजीने वर येऊन बेल वाजवली. त्या बासच्या तारा आता सुरतेत मिळत नाहीत. दोन्ही टोकांना मणी असलेल्या त्या वेगळ्याच तारा असतात, आणि धवल त्या कुठून तरी बाहेरदेशातून मागवून देतो. मामांनी बाहेर वाजवणं मात्र सोडलं. कुणी विचारलं तर म्हणतात, "आता पोरांना वाजवू दे."

यंदाच्या गणपतीत त्यांच्या सोसायटीत संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. बासवर धवल. मामा पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते. गाणं सुरू झालं आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने मला जाणवलं की त्यांची दोन बोटं माझ्या गुडघ्यावर ठेका धरतायत. एक जोरात, एक हलकं. नीट लक्ष दिलं तेव्हा कळलं, तो ढोलाचा ठेका नव्हता. धवल वाजवत होता तेच ते वाजवत होते, सूर न् सूर, अगदी बरोबर जागी. गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गायिका पाणी प्यायला गेली, धवल वाकून वायर नीट करू लागला. मामांचे डोळे मिटलेलेच होते, आणि बोटं चालू होती. मी गुडघा हलवला नाही.